फिरत्या स्पूलचे दोन ब्रेक

बेटकास्टिंग रिळात दोरी गुंडाळलेला स्पूल रॉडला आडवा बसवलेला असतो, आणि आमिष फेकले की दोरीच्या ओढीने तो स्वतः गरगर फिरू लागतो. स्पिनिंग रिळाची गोष्ट वेगळी. तिथे फेकीच्या वेळी स्पूल जागेवर स्थिर राहतो आणि दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्यावेटोळ्यांनी निसटते. आमिष मंदावले की दोरीही मंदावते. बेटकास्टिंग रिळात मात्र हवेत उडणारे आमिष आणि रिळात फिरणारा स्पूल या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. त्यांना जोडणारी दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. त्यामुळे आमिषाचा वेग उतरला तरी स्पूलचा वेग उतरवण्याचे सामर्थ्य दोरीत नसते. स्पूल जडत्वाने फिरत राहतो, कोणी ओढत नसलेली दोरी सोडत राहतो, आणि पापणी लवते न लवते तोच रिळाच्या तोंडाशी दोरीचा फुगा येऊन घट्ट गुंता होतो. हाच बॅकलॅश. तो कधी नखाने उकलतो, कधी कात्रीच लागते.

स्पूल किती जोरात फिरतो याचा अंदाज साध्या भागाकाराने येतो. दोरी भरलेल्या स्पूलचा व्यास 34 मिलिमीटर धरला तर त्याचा परीघ सुमारे 107 मिलिमीटर होतो. आमिष सेकंदाला 25 मीटर वेगाने सुटले, तर स्पूलला सेकंदाला जवळजवळ 234 फेरे घ्यावे लागतात, म्हणजे मिनिटाला 14,000. हा वेग तो शून्यापासून अर्ध्या सेकंदाच्याही आत गाठतो आणि लगेच त्याला तो सोडायचाही असतो. एवढ्या थोड्या वेळात माणसाच्या अंगठ्याने अचूक काम करावे अशी अपेक्षा शंभर-सव्वाशे वर्षे केली गेली, आणि काही अंगठ्यांनी ती पुरीही केली. बाकीच्यांसाठी ब्रेक आले.

इतका त्रास असताना हे रीळ टिकले कसे? त्याची उत्तरे व्यावहारिक आहेत. जाड, मजबूत दोरी त्यावर पीळ न पडता बसते. मासा ओढताना दोरी सरळ स्पूलवर येते, स्पिनिंग रिळासारखी काटकोनात वळत नाही, म्हणून ओढ थेट लागते. आणि अंगठा सतत स्पूलवर असल्याने आमिष नेमक्या जागी, झुडपाच्या सावलीत किंवा खडकाच्या कडेला, उतरवता येते. अडचणीच्या जागी दडलेला मोठा मासा धरायचा असेल तर या तीन गोष्टींना तोड नाही.

या रिळाच्या इतिहासात घड्याळजींचा हात मोठा आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या पॅरिस गावी जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळ आणि चांदीकाम करणाऱ्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दंतचक्रांचे रीळ बनवले. हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे व्हावेत अशी त्याची रचना होती. पुढे त्याच राज्यात मीक बंधूंनी तशी रिळे अतिशय बारकाईने घडवली, तेही घड्याळजीच. स्वीडनमधील स्वेंगस्टा येथे 1921 मध्ये कार्ल आउगुस्ट बोर्गस्ट्रोम यांनी काढलेला आबू हा कारखानाही मुळात घड्याळांचा. तो टॅक्सीचे मीटर बनवू लागला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रिळांकडे वळला. त्या कारखान्याचे 1952 चे ‘ॲम्बॅसडर 5000’ हे लाल रंगाचे रीळ आजही ओळखले जाते. त्यात फेकताना हँडल स्पूलपासून सुटे होत असे आणि स्पूलच्या बाजूला सेंट्रिफ्यूगल ब्रेक होता. योगायोग असा की ज्या साली आबू सुरू झाला त्याच 1921 साली जपानच्या साकाई शहरात शिमानो हा सायकलच्या भागांचा कारखाना सुरू झाला. रिळांच्या ब्रेकचा पुढचा इतिहास बराचसा जपानी कारखान्यांनी लिहिला.

ब्रेक म्हणजे ड्रॅग नव्हे, हे आधी स्पष्ट व्हायला हवे, कारण दुकानातही या दोन शब्दांची सरमिसळ होते. ड्रॅग मासा लागल्यावर कामाला येतो: मासा ठरावीक जोराहून अधिक ओढू लागला की दोरी तुटू न देता ती हळूहळू सोडतो. ब्रेक फक्त फेकीच्या वेळचा. हँडलच्या बाजूला असलेला टेन्शन नॉब ही तिसरी वस्तू. तो स्पूलच्या दांड्याला दोन्ही टोकांनी दाबतो आणि वेग कितीही असो, जवळपास सारखाच रोध देतो. त्याचे खरे काम स्पूलची डावी-उजवी हालचाल काढून टाकणे एवढेच. त्यालाच मुख्य ब्रेक समजून आवळत नेले तर फेक आखडते.

सेंट्रिफ्यूगल, म्हणजे केंद्रोत्सारी ब्रेकमध्ये स्पूलच्या एका बाजूला बारीक पिनांवर प्लास्टिकचे किंवा तंतुमय द्रव्याचे छोटे ठोकळे बसवलेले असतात. जुन्या रिळांत ते दोन असत, पुढे चार, सहा, आठ अशा रचना आल्या. स्पूल फिरू लागला की ठोकळे पिनांवरून बाहेर सरकतात आणि भोवतीच्या धातूच्या कड्यावर घासतात. घर्षणाने स्पूलचा वेग उतरतो, वेग उतरला की ठोकळ्यांचा दाब उतरतो. डायल फिरवण्याच्या जुन्या टेलिफोनमध्ये बोट काढल्यावर तबकडी एकाच संथ वेगाने परत यायची, ती याच युक्तीने: आतल्या छोट्या गव्हर्नरची वजने बाहेर फाकून एका वाटीच्या कडेवर घासत.

या ब्रेकचे मर्म एका वर्गात आहे. बाहेर ढकलणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट झाला तर बल चौपट. वरच्या उदाहरणातला मिनिटाला 14,000 फेऱ्यांचा वेग घेतला आणि ठोकळा अक्षापासून 12 मिलिमीटरवर आहे असे मानले, तर ठोकळ्यावरचा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे 2,600 पट येतो. ठोकळा अवघा 20 मिलिग्रॅमचा असला तरी तो कड्यावर सुमारे 52 ग्रॅम वजनाच्या जोराने दाबला जातो. स्पूलचा वेग निम्मा झाला की तोच दाब 13 ग्रॅमवर येतो, आणि दहावा हिस्सा उरला की अर्ध्या ग्रॅमवर, म्हणजे नसल्यातच जमा.

मॅग्नेटिक ब्रेकमध्ये काहीच कशाला घासत नाही. रिळाच्या बाजूच्या झाकणात छोटी चुंबके बसवलेली असतात आणि त्यांच्या समोर स्पूलची ॲल्युमिनियमची कड किंवा स्पूलला जोडलेली ॲल्युमिनियमची वाटी फिरते. ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, हे शाळेतही शिकवतात. पण धातू चुंबकीय क्षेत्रातून जात असताना त्याच्यात बंद वळशांचे विद्युत प्रवाह निर्माण होतात. त्यांना आवर्त प्रवाह म्हणतात. हे प्रवाह ज्या हालचालीतून उपजतात तिलाच विरोध करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑं फुको यांनी 1855 मध्ये दाखवले की, चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवायला अधिक जोर लागतो आणि चकती तापते. मराठी घरांत हा परिणाम कैक वर्षे भिंतीवर टांगलेला होता: विजेच्या जुन्या मीटरमध्ये काचेमागे संथ फिरणारी ॲल्युमिनियमची चकती एका कायम चुंबकाने आवरलेली असे. तो रोध चकतीच्या वेगाच्या नेमक्या प्रमाणात राहतो म्हणूनच त्या मीटरचे आकडे विश्वासार्ह ठरत.

रिळातही तेच. रोध वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, रोध दुप्पट. रोधाचे प्रमाण ठरते ते चुंबक किती जवळ आहे, किती शक्तिमान आहे आणि समोरचा धातू किती जाड आहे यांवर. क्षेत्राची तीव्रता दुप्पट केली तर रोध चौपट होतो, म्हणून बाहेरच्या डायलने चुंबके मिलिमीटरभर पुढे-मागे केली तरी मोठा फरक पडतो. अशा रिळांचा प्रसार 1980 च्या दशकात झाला. जपानच्या दाइवा कंपनीचे मॅगफोर्स हे नाव त्यातले सर्वांत परिचित. त्याच दशकात बाजारात आलेल्या निओडिमियम चुंबकांनी पुढे इतक्या लहान जागेत पुरेसे जोरदार क्षेत्र उभे करणे फार सोपे केले.

आता दोघांची तुलना. सर्वोच्च वेगाला दोन्ही ब्रेक सारखेच, समजा 100 इतके, जोरात आहेत असे लावून ठेवले. वेग निम्म्यावर आला की सेंट्रिफ्यूगलचा रोध 25 राहतो, मॅग्नेटिकचा 50. वेग एक पंचमांश उरला की एकाचा 4, दुसऱ्याचा 20. दुकानदार आणि जाहिराती सांगतात की सेंट्रिफ्यूगल ब्रेक फेकीच्या आरंभी काम करतो आणि मॅग्नेटिक शेवटी, किंवा मॅग्नेटिकचा रोध ‘कायम सारखा’ असतो. दोन्ही विधाने ढिली आहेत. दोघांचाही जोर आरंभीच सर्वाधिक असतो आणि स्पूल थांबला की दोघांचाही शून्य होतो. फरक उताराचा आहे: एक झपाट्याने उतरतो, दुसरा सावकाश.

मग कोणता उतार बरोबर? याचे उत्तर रिळात नाही, हवेत उडणाऱ्या आमिषात आहे, आणि नेमकी हीच बाजू या विषयावरच्या चर्चांत सहसा सुटते. स्पूलने आमिषाच्याच बेताने मंदावावे एवढीच ब्रेककडून अपेक्षा असते. आमिषाला मंदावते ती हवा, आणि या वेगांना हवेचा रोध आमिषाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे वारा पडलेला असताना लागणारा ब्रेकही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात हवा. सेंट्रिफ्यूगल ब्रेक नेमका तसाच उतरतो. स्वेंगस्टाच्या तंत्रज्ञांनी हे समीकरण मांडून ठोकळे बसवले होते की नाही, तो भाग वेगळा. पण शांत हवेत त्या ठोकळ्यांची चाल आमिषाच्या चालीशी सुंदर जुळते. मॅग्नेटिक ब्रेक त्याच वेळी उत्तरार्धात गरजेपेक्षा जास्त रोध देत राहतो आणि शेवटचे काही मीटर खातो. लांब फेकीच्या शौकिनांनी सेंट्रिफ्यूगलची बाजू घेण्याचे हे खरे कारण.

समोरून वारा आला की गणित बदलते. हवेचा रोध आता आमिषाच्या वेगाच्या नव्हे, तर आमिष आणि वारा यांच्या वेगांच्या बेरजेच्या वर्गाच्या प्रमाणात जातो. सेकंदाला 5 मीटर, म्हणजे ताशी 18 किलोमीटर, हा किनाऱ्यावर अगदी रोजचा वारा. आमिष सेकंदाला 25 मीटर वेगात असताना या वाऱ्याने रोध 1.44 पट होतो. वेग 10 वर आला की सव्वादोन पट. 5 वर आला की चौपट. वारा फेकीच्या आरंभापेक्षा शेवटाला अधिक बिघडवतो. आता आरंभीची गरज 100 मानली, तर वेग निम्मा झाल्यावर ती 34 उरते आणि एक पंचमांश झाल्यावर 11. वरचे आकडे पुन्हा पाहावेत: सेंट्रिफ्यूगल या दोन ठिकाणी 25 आणि 4 देतो, मॅग्नेटिक 50 आणि 20. गरज दोघांच्या मधोमध पडते. सेंट्रिफ्यूगल कमी पडला की स्पूल पुढे पळतो आणि गुंता होतो. मॅग्नेटिक जास्त झाला की फेक थोडी तोकडी पडते, पण दोरी सुखरूप राहते. वाऱ्यात मॅग्नेटिक बरा, असे गळ टाकणारे अनुभवाने म्हणतात त्याचे मूळ इथे आहे. मॅग्नेटिक ब्रेक हा थोडे अंतर देऊन घेतलेला विमा आहे.

हे आकडे अर्थातच सोप्या केलेल्या चित्राचे आहेत. प्रत्यक्षात दोरी सुटत जाते तसा स्पूलवरचा भार घटतो, त्याचे जडत्व कमी होते, आणि दोरीचा थर उतरल्याने तेवढीच दोरी सोडायला त्याला अधिक फेरे घ्यावे लागतात. आमिष हवेत कोलांट्या खात गेले तर त्याचा रोध क्षणाक्षणाला बदलतो. तरीही दोन वक्ररेषांचा मूळ फरक या सगळ्यातून उठून दिसतो.

आमिषाच्या वजनानेही निवड बदलते. जड, लांबट, गोळीसारखे घट्ट आमिष हवेत फारसा वेग गमावत नाही, त्यामुळे वक्ररेषांचा खालचा भाग त्याच्या वाट्याला येतच नाही. त्याला कोणताही ब्रेक चालतो आणि सेंट्रिफ्यूगल थोडे जास्त अंतर देतो. हलके आणि फुगीर आमिष, उदाहरणार्थ रबरी बेडूक किंवा पोकळ प्लास्टिकचा मासा, सुटताक्षणी हवेत अडखळते. तिथे मॅग्नेटिकचा शेवटपर्यंत रेंगाळणारा रोध उपयोगी पडतो. दोन ते पाच ग्रॅमची अगदी नाजूक आमिषे फेकण्याची जी जपानी पद्धत गेल्या काही वर्षांत पसरली, तिच्या रिळांत चुंबकांची चलती आहे, पण तिथे आणखी एक कारण आहे. पाच ग्रॅमच्या आमिषाला स्पूल फिरवायचा तर स्पूल हलका हवा. ठोकळे, पिना आणि त्यांचा पाया हा सगळा भार स्पूलवरच फिरतो. चुंबके मात्र झाकणात स्थिर बसतात आणि थेट स्पूलच्या धातूवर काम करू शकतात. उलट टोकाला, ब्रिटनच्या किनाऱ्यांवरचे लांब फेकीचे स्पर्धक 150 ग्रॅमचे शिसे 200 मीटरपलीकडे टाकतात. त्यांनीही जुन्या आबू रिळांच्या झाकणात स्वतःच चुंबके बसवून घेतली, कारण ठोकळे बदलायला रीळ उघडावे लागते आणि चुंबक बाहेरून, वारा बघून हलवता येते. सोय हा भौतिकशास्त्रापेक्षा कमी महत्त्वाचा मुद्दा नाही.

सोयीच्या बाबतीत जुना सेंट्रिफ्यूगल ब्रेक खरोखरच मागे होता. बाजूचे झाकण काढा, नखाने ठोकळे आत-बाहेर करा, समोरासमोरच्या जोडीनेच चालू ठेवा नाहीतर स्पूल थरथरेल, आणि बोटीत उभे राहून हे करताना एखादा ठोकळा पाण्यात पडू देऊ नका. शिमानोने 2012 च्या सुमारास आणलेल्या एसव्हीएस इन्फिनिटी रचनेत हा त्रास बराच मिटला. तिथे ठोकळे ज्या कड्यावर घासतात ते निमुळते असते आणि बाहेरच्या डायलने ते पुढे-मागे सरकते.

निगा राखण्यात दोघांचे स्वभाव उलट आहेत. सेंट्रिफ्यूगल ब्रेक घर्षणावर जगतो, म्हणून घर्षण बदलणारी प्रत्येक गोष्ट त्याला बाधते. बेअरिंगला घातलेल्या तेलाचा थेंब कड्यावर गेला की ब्रेक एकाएकी ढिला पडतो. मिठाचा थर बसला की खरखरीत होतो. ठोकळे झिजतात आणि बदलावे लागतात. चुंबकाला तेलाचे सोयरसुतक नाही, झीज नाही. पण निओडिमियम चुंबकावरचा मुलामा निघाला तर खारी हवा त्याला गंज चढवते. शिवाय चुंबक लोखंडी कण गोळा करते, आणि रत्नागिरी परिसरातल्या किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजांचे कण असतात. अशा वाळूत रीळ टेकवले आणि झाकण उघडले, तर चुंबकांवर काळी लव उगवलेली दिसते. ती कापडाने नव्हे, चिकटपट्टीने निघते.

दोन वक्ररेषांपैकी एकच निवडायची सक्ती आता राहिलेली नाही. लूज या अमेरिकी नावाच्या आणि आबू गार्शियाच्या काही रिळांत ठोकळे आणि चुंबके दोन्ही असतात: आरंभीची उसळी ठोकळे दाबतात, उरलेला प्रवास चुंबके सांभाळतात. दाइवाच्या मॅगफोर्स-झेडमध्ये ॲल्युमिनियमची वाटी स्प्रिंगवर बसवलेली असते. वेग वाढला की केंद्रोत्सारी बलाने ती बाहेर सरकून चुंबकांच्या क्षेत्रात खोल शिरते, वेग उतरला की स्प्रिंग तिला मागे खेचते. म्हणजे रोध देणारे चुंबकच, पण त्याची वक्ररेषा सेंट्रिफ्यूगलकडे झुकलेली. वर काढलेली ‘मधोमध’ची गरज भागवायचा हा सर्वांत देखणा यांत्रिक मार्ग म्हणावा लागेल.

शिमानोचा डीसी हा डिजिटल ब्रेक तर यंत्राच्या हाती अंगठा देतो. फिरणाऱ्या स्पूलवरची चुंबके आणि भोवतीची वेटोळी मिळून एक छोटे जनित्र तयार होते. त्याच विजेवर सूक्ष्म संगणक चालतो, सेकंदाला हजार वेळा स्पूलचा वेग तपासतो आणि त्याच वेटोळ्यांतून हवा तेवढा रोध लावतो. बॅटरी लागत नाही. फेकताना त्याची बारीक शिट्टीसारखी कीं ऐकू येते. किंमत मात्र साध्या रिळाच्या कित्येक पट जाते, आणि खाऱ्या पाण्यात आतले इलेक्ट्रॉनिक भाग जपावे लागतात.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या हौशी गळवाल्यांना हा सगळा विचार दोन ठिकाणी भेटतो. खाडीच्या मुखाशी जिताडा, म्हणजेच गोव्याचा चोणक, किंवा कांदळवनाच्या मुळांत दडलेला तांबोशी धरायचा तर पंधरा-वीस ग्रॅमचे आमिष समोरच्या वाऱ्यात नेमक्या फटीत टाकावे लागते. धरणांच्या आणि तळ्यांच्या काठी पाणवनस्पतींत मरळ असते, तिच्यासाठी रबरी बेडूक वापरतात. दोन्हीकडे बळकट दोरी आणि थेट ओढ हवी, म्हणून बेटकास्टिंग रीळ हवे. दोन्हीकडे अंतरापेक्षा नेम महत्त्वाचा, म्हणून बाहेरून फिरवता येणारा मॅग्नेटिक किंवा दुहेरी ब्रेक जास्त सोयीचा. पावसाळ्याआधीच्या वाऱ्यात निव्वळ सेंट्रिफ्यूगल ब्रेकवर हात बसवणे नवख्याला जड जाते. मोठ्या जलाशयावर, हिवाळ्याच्या निवांत सकाळी, दूरवर जड धातूचे आमिष टाकणाऱ्याचा निर्णय उलट ठरेल, आणि तोही बरोबरच असेल.

ब्रेक कोणताही असो, लावण्याचा क्रम एकच. आधी टेन्शन नॉब असा फिरवावा की स्पूल डावीकडे-उजवीकडे हलणार नाही पण मोकळा फिरेल. मग सेंट्रिफ्यूगल असेल तर सगळे ठोकळे चालू करावेत, मॅग्नेटिक असेल तर डायल दहापैकी आठच्या आसपास ठेवावी. बारा ते पंधरा ग्रॅमचे, पाते नसलेले आमिष बांधून झटका न देता, एकसंध वेगाने फेकावे. बॅकलॅशची निम्मी प्रकरणे ब्रेकची नसून झटक्याची असतात. फेकी सलग नीट पडू लागल्या की ब्रेक एकेक पायरीने उतरवावा, आणि स्पूलवरची दोरी किंचित सैल होऊन वर उचलल्यासारखी दिसू लागली की तिथेच थांबावे. तेच त्या आमिषाला, त्या दोरीला आणि त्या दिवसाच्या वाऱ्याला जुळणारे माप. आमिष बदलले की माप बदलते. स्पूल काठोकाठ भरू नये, कडेपासून दीडेक मिलिमीटर जागा सोडावी. जास्तीची दोरी म्हणजे जास्तीचे जडत्व.

नवे रीळ घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आमिष पाण्याला टेकते तेव्हा त्याचा वेग एकदम शून्य होतो, पण स्पूल अजून फिरत असतो, आणि मंद वेगाला ठोकळेही दाबत नाहीत, चुंबकेही जोर धरत नाहीत. त्या क्षणी स्पूल थांबवण्याचे काम अजूनही अंगठ्याचेच आहे.